तीन कागद आणि एक सामुद्रधुनी

२३ एप्रिल १९५३. या दिवशी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने एका तेलवाहू कंपनीला एक कागद सही करून दिला. मोबदला २,४५० डॉलर. त्या बदल्यात कंपनीला दोन प्रचंड सरोवरांना जोडणाऱ्या पाण्याच्या तळावर तेलाचे पाइप टाकायचा आणि वापरत राहायचा हक्क मिळाला. कागदात अटी भरपूर होत्या. पाइपला बाहेरून संरक्षक लेप हवा, तळापासून अधांतरी राहिलेला त्याचा कुठलाही तुकडा ७५ फुटांपेक्षा लांब नको, कंपनीने किमान १० लाख डॉलरचा विमा काढलेला असावा, वगैरे वगैरे. सगळे रीतसर. एकच गोष्ट त्यात नव्हती. हा हक्क कधी संपणार, याची तारीख.

त्या पाइपांवरून मिशिगनमध्ये गेली पंधरा वर्षे मोठे भांडण चालत आले आहे. आणि त्यातला सगळ्यात चक्रावून टाकणारा भाग बोगद्याचा आहे. पाण्यात उघडे पडलेले जुने पाइप काढून टाकतो, सरोवराच्या तळाखाली खडकात बोगदा खणतो, त्यातून नवा पाइप नेतो, आणि खर्चही आम्हीच करतो, असे कंपनी म्हणते. तेल पाण्यात सांडेल अशी भीती ज्यांना होती, त्यांनी खरे तर खूश व्हायला हवे. पण बोगद्याला सर्वांत कडाडून विरोध करतात ते हेच लोक! हे लोक हट्टी आहेत का? मला तसे वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आधी जागा समजून घेऊ. अमेरिका आणि कॅनडाच्या मध्ये पाच महासरोवरे आहेत. सुपिरिअर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टॅरिओ. पाचांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ चार पंचमांश. जगाच्या पृष्ठभागावर जेवढे गोडे पाणी आहे त्याचा साधारण पाचवा हिस्सा इथे आहे. दोन्ही देशांतल्या तीन-चार कोटी लोकांचे पिण्याचे पाणी इथून येते. शिकागोत राहणारी आपली मराठी मंडळी सकाळचा चहा ज्या पाण्याचा करतात, ते मिशिगन सरोवराचेच.

यातली मिशिगन आणि ह्युरॉन ही दोन सरोवरे नकाशावर वेगळी दिसतात, पण पाण्याच्या हिशेबाने ती एकच आहेत. दोघांची पातळी सारखी, आणि मध्ये एक चिंचोळी वाट. तिचे नाव लिहिताना मॅकिनॅक, पण म्हणायचे मॅकिनॉ. (फ्रेंच लोक गेले, पण शेवटचे अक्षर गिळायची सवय ठेवून गेले.) समुद्राचा पत्ता नाही, तरी तिला सामुद्रधुनीच म्हणावे लागते, आणि तिथले पाणी पाहिले तर ते नाव शोभतेही. प्रवाह कधी पूर्वेला तर कधी पश्चिमेला वाहतो, वाऱ्याबरोबर दिशा बदलतो, आणि जोरात असला की नायगाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याच्या दहापटीहून जास्त पाणी या वाटेने सरकते. मिशिगन विद्यापीठातले डेव्हिड श्वाब यांनी या प्रवाहांचा संगणकावर अभ्यास केला. महासरोवरांत तेल सांडायला याहून वाईट जागा सापडणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. २०१६ च्या त्यांच्या अभ्यासानुसार दोन्ही सरोवरांचा मिळून ७०० मैलांहून अधिक किनारा धोक्याच्या टप्प्यात येतो.

मग अशा जागी पाइपलाइन नेली कोणी, आणि का?

फेब्रुवारी १९४७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात लेडुक इथे मोठा तेलसाठा सापडला. तेल पश्चिमेला, तर गिऱ्हाईक पूर्वेला, ऑन्टॅरिओत. मध्ये हजारो किलोमीटर. १९५० मध्ये एडमंटनहून सुपिरिअर गावापर्यंत पाइपलाइन आली. हे गाव विस्कॉन्सिन राज्यात, सुपिरिअर सरोवराच्या टोकाला. तिथून पुढे तेल जहाजांत भरायचे आणि सरोवरांतून सार्नियाच्या शुद्धीकरण कारखान्यांपर्यंत न्यायचे. पण हिवाळ्यात सरोवरे गोठतात, जहाजे बंद पडतात, आणि तेल टाक्यांत साचून राहते. शिवाय तेलाने भरलेली जहाजे वादळात सापडण्याची भीती वेगळीच. यावर उपाय म्हणून १९५३ मध्ये सुपिरिअर ते सार्निया अशी ६४५ मैलांची पाइपलाइन टाकली गेली. हीच 'लाइन ५'. दोन टोकांपैकी एक अमेरिकेत, दुसरे कॅनडात, आणि जवळजवळ सगळी वाट अमेरिकेच्या जमिनीवरून. जमिनीवर तिचा व्यास ३० इंच. सामुद्रधुनीपाशी मात्र ती दुभंगते आणि २० इंचांचे दोन पाइप तळावरून पलीकडे जातात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९५३ मध्ये ही पाइपलाइन म्हणजे संकट नव्हते, संकटावरचा उतारा होता. जहाजांपेक्षा पाइप सुरक्षित, असे त्या वेळच्या शहाण्या माणसांना वाटले, आणि त्यांचे फार चुकले असेही म्हणता येत नाही. पुढे १ नोव्हेंबर १९५७ रोजी त्याच सामुद्रधुनीवर मॅकिनॉचा प्रसिद्ध झुलता पूल खुला झाला. पूल दिसतो, म्हणून तो राज्याचा अभिमान झाला, पोस्टकार्डांवर गेला. पाइप दिसत नाहीत, म्हणून ते विसरले गेले. पुलावरून गाड्या धावत राहिल्या आणि थोड्याच अंतरावर, पाण्याखाली, तेल वाहत राहिले. पुढे क्षमता वाढत वाढत दिवसाला ५ लाख ४० हजार बॅरलपर्यंत पोचली. लिटरमध्ये सांगायचे तर रोज सुमारे साडेआठ कोटी लिटर.

आता दुसरा कागद. खरे तर तो पहिला, कारण १९५३ च्या आधी ११७ वर्षांचा.

२८ मार्च १८३६ रोजी वॉशिंग्टन इथे ओडावा आणि ओजिब्वे या आदिवासी समाजांनी अमेरिकेशी तह केला. हे दोन्ही समाज स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. आजच्या मिशिगनच्या एक तृतीयांशाहून जास्त भूभाग, जवळपास १ कोटी ४० लाख एकर, त्यांनी या तहाने दिला. पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये, मिशिगन संघराज्यात राज्य म्हणून दाखल झाले, ते या जमिनीच्या जोरावर. जमीन देताना त्या लोकांनी काही राखून ठेवले होते. राहण्यासाठी काही तुकडे, आणि त्या मुलखात शिकार करण्याचे व पूर्वापार चालत आलेल्या वहिवाटीचे हक्क.

तह सिनेटपुढे गेला तेव्हा सिनेटने त्यात परस्पर बदल केला. राखून ठेवलेली जमीन कायमची नाही, फक्त पाच वर्षांसाठी. त्यापुढे राहायचे तर सरकारच्या परवानगीने. या बदलाला संमती घेण्यासाठी त्याच वर्षी जुलैमध्ये प्रमुखांना बोलावले गेले ते मॅकिनॉ बेटावर, म्हणजे याच सामुद्रधुनीच्या तोंडाशी. हजारो वर्षे जिथे राहत आले त्या लोकांना पाच वर्षांची मुदत. आणि ११७ वर्षांनी त्याच पाण्याच्या तळावर तेलाच्या कंपनीला? बेमुदत! दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की आणखी भाष्य करायची गरज उरत नाही.

अनिशिनाबे लोकांसाठी ही सामुद्रधुनी नुसती मासेमारीची जागा नाही. महापुरानंतर एका कासवाच्या पाठीवर नवी भूमी तयार झाली, अशी त्यांची सृष्टीच्या उत्पत्तीची कथा आहे, आणि बे मिल्स या समाजाच्या परंपरेत ती घटना इथेच घडली. मॅकिनॉ या नावातही मोठे कासव आहे असे मानतात. पण १९५३ मध्ये कागदावर सही होताना या लोकांना कोणी विचारले नाही. विचारणार तरी कसे? आज या वादात उभ्या असलेल्या समाजांपैकी काहींना त्या वेळी सरकारी मान्यताच नव्हती. सू सेंट मरी समाजाला ती १९७२ मध्ये मिळाली, ग्रँड ट्रॅव्हर्स बँडला १९८० मध्ये, लिटल ट्रॅव्हर्स बे बँडला १९९४ मध्ये. शिवाय १ ऑगस्ट १९५३ रोजी, म्हणजे त्या सहीनंतर जेमतेम तीन महिन्यांनी, अमेरिकन काँग्रेसने ठरावच केला की आदिवासी समाजांचा वेगळा दर्जा हळूहळू संपवून टाकायचा. ज्यांचे अस्तित्व मोडीत काढायचे चालले आहे, त्यांची हरकत कोण नोंदवून घेणार!

तहातला हक्क मात्र मेला नव्हता. १९७१ मध्ये बे मिल्सच्या अल्बर्ट लब्लां नावाच्या कोळ्याने सुपिरिअर सरोवराच्या एका खाडीत मुद्दाम जाळे टाकले आणि स्वतःवर खटला भरवून घेतला. १९७६ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तहातला मासेमारीचा हक्क मान्य केला. १९७९ मध्ये नोएल फॉक्स या केंद्रीय न्यायाधीशांनी तो आणखी पक्का केला. १८३६ चा कागद जिवंत आहे हे कोर्टात सिद्ध झाले. आणि मासे धरायचा हक्क आहे म्हटल्यावर, ज्या पाण्यात मासे जगतात ते पाणी शाबूत राहण्याचा हक्कही आहे की नाही? हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता.

तो सगळ्यांसमोर आला २०१० मध्ये, आणि आला तो दुसऱ्याच ठिकाणाहून.

२५ जुलै २०१० च्या संध्याकाळी मिशिगनच्याच दक्षिण भागात, मार्शल गावाजवळ, 'लाइन ६बी' नावाची पाइपलाइन फाटली. कंपनी तीच, एनब्रिज. १९५३ मध्ये सही घेणाऱ्या लेकहेड कंपनीचा वारसा आता तिच्याकडे होता. नियंत्रण कक्षात धोक्याच्या घंटा वाजत होत्या. पण पाइपमध्ये बुडबुडा आला असेल असे समजून कर्मचाऱ्यांनी पंप दोनदा पुन्हा सुरू केले. सतरा तास गेले. शेवटी तेल सांडल्याचे कळवले ते बाहेरच्या एका गॅस कंपनीच्या माणसाने. जड, डांबरासारखे तेल ओढ्यातून कॅलमझू नदीत उतरले आणि सुमारे ३५ मैल नदी खराब झाली. चौकशीत निघाले की सांडलेल्या तेलातले ८१ टक्के तेल त्या दोनदा सुरू केलेल्या पंपांमुळे गेले. चौकशी मंडळाच्या अध्यक्ष डेबोरा हर्समन यांनी या कारभाराची तुलना मूकपटांतल्या धांदरट पोलिसांशी केली. साफसफाईचा खर्च १०० कोटी डॉलरच्या वर गेला.

१९५३ च्या कागदातला विमा आठवा. १० लाख डॉलर. नदीतली एक गळती निस्तरायला त्याच्या हजारपटीहून जास्त लागले, आणि ती नुसती नदी होती.

लोकांनी नकाशे उघडले आणि विचारू लागले, या कंपनीचे आणखी पाइप कुठे आहेत? २०१२ मध्ये नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन या संस्थेने सामुद्रधुनीखालच्या पाइपांवर अहवाल काढला. त्या मागोमाग मिशिगनमधल्या संस्थांनी, आदिवासी समाजांनी आणि किनाऱ्यावरच्या रहिवाशांनी मोहीम उभी केली. तिचे नाव साधे होते: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही. आधी मूठभर लोक, मग गावांचे आणि परगण्यांचे ठराव, मग हॉटेलवाले आणि दारू गाळणारे छोटे व्यावसायिक, कारण त्यांचा धंदा स्वच्छ पाण्यावर. २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे महाधिवक्ता बिल शूटी हेसुद्धा म्हणाले की या पाइपांचे दिवस भरत आले आहेत आणि आज असे पाइप टाकायला कोणी परवानगी देणार नाही. तेव्हा हा फक्त डाव्या मंडळींचा उद्योग होता, असे समजू नये.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. सामुद्रधुनीतल्या या पाइपांतून आजवर तेल गळलेले नाही, असे ती म्हणते आणि ते खरे आहे. ऑन्टॅरिओ आणि क्वेबेकच्या कच्च्या तेलाचा मोठा वाटा या वाटेने जातो. मिशिगनच्या उत्तर भागात हिवाळ्यात घरे उबदार ठेवणारा प्रोपेन वायू मिळतो तोही हिच्यातल्या मालापासून. बोगद्यावर काम मिळेल म्हणून बांधकाम कामगारांच्या संघटना त्याच्या बाजूने आहेत. हे सगळे हिशेबात धरावेच लागते. पण हेही हिशेबात धरावे लागते की प्रवाहाने तळाची वाळू वाहून जाते, पाइप अधांतरी होतात, ७५ फुटांची अट मोडली जाते, आणि मग जागोजागी स्क्रूसारखे आधार बसवावे लागतात. असे दोनशेहून अधिक आधार बसवले गेले आहेत. तळावर निजवलेला पाइप आता बराचसा खांबांवर उभा आहे.

१ एप्रिल २०१८ रोजी एका टगबोटीने ओढत नेलेला नांगर या पाइपांवरून घासत गेला. पाइपला पोचे आले, फुटले नाहीत. शेजारच्या विजेच्या तारा मात्र तुटल्या आणि त्यांतले शेकडो गॅलन तेल पाण्यात गेले. आता धोका कागदावरचा राहिला नव्हता. आणि इथूनच बोगद्याची गोष्ट वेगाने पुढे सरकली.

हा तिसरा कागद. नोव्हेंबर २०१८ मध्ये मिशिगनमध्ये निवडणूक झाली. पाइपलाइन बंद करू असे सांगणाऱ्या ग्रेचेन व्हिटमर गव्हर्नरपदी आणि डेना नेसल महाधिवक्तापदी निवडून आल्या. त्या १ जानेवारी २०१९ ला सूत्रे हाती घेणार होत्या. मधल्या आठवड्यांत मावळत्या विधिमंडळाने बोगद्यासाठी खास प्राधिकरण नेमणारा कायदा केला. मावळते गव्हर्नर रिक स्नायडर यांनी १२ डिसेंबरला त्यावर सही केली आणि १९ डिसेंबरला करारही होऊन गेला. बोगदा कंपनी बांधणार, तो प्राधिकरणाच्या मालकीचा होणार, आणि कंपनीला तो ९९ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने मिळणार. तोवर जुने पाइप चालूच राहणार.

विरोधाचे मूळ या शेवटच्या दोन वाक्यांत आहे, असे मला वाटते. बोगदा तयार व्हायला वर्षे लागणार, आणि ज्या पाइपांची भीती आहे ते तेवढी वर्षे तसेच चालणार. बोगदा झाला की नांगराचा धोका जाईल, हे कोणीच नाकारत नाही. १ डिसेंबर २०२३ रोजी मिशिगनच्या सेवा आयोगाने परवानगी दिली तीही मुख्यतः याच कारणासाठी. पण बोगद्याने फक्त जागा बदलत नाही, मुदतही बदलते. ज्यांचे दिवस भरले म्हणत होते, त्या पाइपांच्या जागी ९९ वर्षांची सोय होते. सामुद्रधुनीतले सात किलोमीटर सुरक्षित झाले, तरी ६४५ मैलांतला बाकीचा पाइप नद्या-नाले ओलांडत तसाच जातो. १९६८ पासून या पाइपलाइनवर २९ गळत्या होऊन ११ लाख गॅलनपेक्षा जास्त तेल सांडले, असे नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने २०१७ मध्ये सरकारी नोंदींवरून मांडले होते. विस्कॉन्सिनमध्ये बॅड रिव्हर समाजाच्या जमिनीवरची मुदत तर २०१३ मध्येच संपली होती, तरी तेल वाहत राहिले. २०२३ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी ही घुसखोरी ठरवून पाइप काढायला तीन वर्षे दिली. मुदत लिहिलेली असते तिथेही ही परिस्थिती!

आता कोर्टकचेरीकडे येऊ, पण सगळे खटले सांगत बसत नाही. वकिलांची दोन पिढ्यांची सोय झाली आहे, एवढे म्हटले तरी पुरे. मला त्यातला एकच मुद्दा महत्त्वाचा वाटतो.

नेसल यांनी २०१९ मध्ये दावा लावला, आणि १३ नोव्हेंबर २०२० रोजी व्हिटमर यांनी १९५३ चा हक्क रद्द केल्याची नोटीस दिली. त्यांचे एक कारण अटी मोडल्याचे होते. दुसरे कारण जास्त मुळाशी जाणारे होते: असा हक्क द्यायचा अधिकार राज्याला १९५३ मध्येही नव्हता. सरोवराचा तळ राज्याचा असतो तो मालकीचा नव्हे, विश्वस्त म्हणून. विश्वस्ताने देवळाची जमीन कोणाला लिहून द्यावी, तसेच ते झाले.

हे तत्त्व मिशिगन सरोवराच्याच काठचे आहे. १८६९ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागोसमोरची सरोवराखालची हजाराहून जास्त एकर जमीन एका रेल्वे कंपनीला देऊन टाकली. चार वर्षांनी राज्याला उपरती झाली आणि कायदा मागे घेतला. कंपनी भांडत सर्वोच्च न्यायालयात गेली. १८९२ मध्ये न्यायालय म्हणाले, ही जमीन लोकांच्या वतीने सांभाळायची आहे, ती अशी देऊन टाकायचा अधिकार विधिमंडळाला नाही, म्हणून दिलेली परत घेता येते. १९७० मध्ये मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक जोसेफ सॅक्स यांनी या विसरलेल्या निकालावर एक लेख लिहिला आणि पर्यावरणाच्या कायद्याला नवा पाया मिळाला. त्याच वर्षीचा मिशिगनचा पर्यावरण कायदाही त्यांच्याच मसुद्यातून आला.

आणि हा धागा आपल्यापर्यंत येतो बरं का. हिमाचलमध्ये बियास नदीच्या काठी एका हॉटेलाने नदीचा प्रवाहच वळवला होता. डिसेंबर १९९६ मध्ये त्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले, आणि ते सांगताना शिकागोच्या त्या निकालाचा व सॅक्स यांच्या लेखाचा आधार घेतला. आपल्याकडे नदी, खाडी, किनारा यांवरून जे दावे लढले जातात, त्यांच्या मुळाशी मिशिगन सरोवराचे पाणी थोडेसे का होईना झिरपलेले आहे.

व्हिटमर यांच्या नोटिशीची मुदत १२ मे २०२१ ला संपली. कंपनीने पाइप बंद केले नाहीत. दोनच दिवस आधी बे मिल्सच्या समाजाने ठराव करून लाइन ५ ला आपल्या मुलखातून हद्दपार केले. हद्दपारी ही त्यांच्याकडची मोठ्यात मोठी शिक्षा, समाजाला गंभीर इजा करणाऱ्याला द्यायची. ती त्यांनी एका पाइपला दिली. हसू येईल कदाचित. पण ज्यांना १९५३ मध्ये विचारले नव्हते, त्यांनी आपले मत नोंदवायची ही रीत होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅनडाने १९७७ चा पाइपलाइन करार पुढे केला आणि प्रकरण दोन देशांमधले झाले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ऊर्जेची आणीबाणी जाहीर केली आणि एप्रिलमध्ये लष्करी अभियंत्यांच्या खात्याने बोगद्याची परवानगी तातडीच्या यादीत टाकली. त्याच्या आधीच, मार्चमध्ये, अनेक आदिवासी समाज त्या खात्याबरोबरच्या चर्चेतून बाहेर पडले होते. विचारायचे नाटक चालले आहे, निर्णय आधीच झाला आहे, अशी त्यांची भावना. आणि नेसल यांचा २०१९ चा दावा? तो राज्याच्या कोर्टात चालावा की केंद्राच्या, एवढाच प्रश्न ऐकायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये होकार दिला. सहा वर्षे गेली ती उंबरठ्यावर.

असो. सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. बोगद्याला विरोध करणारे हट्टी आहेत का?

इतिहास पाहिला तर एक क्रम दिसतो. जहाजांना घाबरून पाइप आला. पाइपला घाबरून बोगदा येतो आहे. प्रत्येक वेळी उपाय प्रामाणिक होता, आधीच्यापेक्षा बरा होता, आणि प्रत्येक वेळी त्याने तेलाचा मुक्काम वाढवला. १९५३ च्या माणसांना आपण फार दोष देऊ शकत नाही. हवामान बदलाची काळजी तेव्हा कोणाच्या मनात नव्हती. आपल्याला मात्र ती सबब नाही. एप्रिल २०२१ मध्ये मिशिगनच्या सेवा आयोगानेच ठरवले होते की बोगद्याचा विचार करताना त्यातून जाणाऱ्या तेलामुळे होणारे प्रदूषणही पाहावे लागेल. म्हणजे प्रश्न माहीत आहे. ९९ वर्षे हा आकडा त्या माहितीसकट लिहिला जातो आहे.

२०१८ पासून मोजले तर ९९ वर्षे म्हणजे २११७ साल. त्या वर्षी सामुद्रधुनीच्या काठी जे कोणी उभे असतील, त्यांच्यापैकी आज कोणीही जन्मलेले नसेल, किंवा असले तर शंभरीला टेकलेले असेल. १८३६ मध्ये पाच वर्षांवर बोट ठेवणाऱ्या सिनेटरांनी त्या लोकांच्या नातवंडांचा विचार केला नव्हता. १९५३ मध्ये तारीख लिहायचीच राहून गेली. बोगद्याच्या विरोधकांचे म्हणणे मला कळते ते एवढेच की निदान तिसऱ्या खेपेला तरी, सही करण्याआधी, खडक किती मजबूत आहे याच्याबरोबर तारीख काय लिहिता आहात हेही विचारले जावे. आणि ते विचारताना १८३६ मध्ये मॅकिनॉ बेटावर बोलावून घेतलेल्यांची पतवंडे खोलीत बसलेली असावीत.